शेवाळ खाणारा मासा आणि शाळेची काचेची टाकी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



ओळख करून देताना मला ‘आयटीतल्या मॅडम’ म्हटलं गेलं, पण मी आज संगणकावर बोलणार नाही. मला दहा मिनिटं दिली आहेत, ती मी बोटाच्या दोन पेरांएवढ्या एका माशावर खर्च करणार आहे. त्याला कारण आपला ग्रुपच आहे.

दोन महिन्यांपूर्वी ठरलं की आपल्या बॅचतर्फे शाळेच्या प्रयोगशाळेला मत्स्यालय द्यायचं. वर्गणी भराभर जमली. मग एकाने फोटो टाकला, काचेला चिकटलेल्या तपकिरी माशाचा, आणि खाली लिहिलं, “काच साफ कराले हेच सोडून देऊ, मामाले तरास नाई.” त्यावर चाळीस अंगठे आले. हे मासे मी पुण्यात माझ्या घरी सात वर्षं पाळते आहे, म्हणून मी संयोजकांना म्हटलं, उद्घाटनाला मासे सोडू नका, आधी मला बोलू द्या. त्यांनी ऐकलं. आज प्रयोगशाळेत टाकी आहे, पाणी नाही, मासेही नाहीत. काही जणांना ते बरं वाटलेलं नाही, हे मला दिसतंय. फोटोसाठी रिकामी टाकी चांगली दिसत नाही, मान्य.

तर हा मासा. नाव ओटोसिंक्लस. पाळणारे लाडाने ‘ओटो’ म्हणतात. लांबी तीन-चार सेंटिमीटर, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळसर पट्टा, आणि तोंड खालच्या बाजूला, चूषकासारखं. त्याच तोंडाने तो काचेला, पानाला चिकटतो आणि शेवाळाचा पातळ थर खरवडून खातो. अंगावर नेहमीसारखे खवले नसतात, हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. नावाचा अर्थही मजेशीर आहे. ग्रीकमध्ये ‘कान’ आणि ‘जाळी’ या दोन शब्दांपासून ते बनलंय, कारण डोक्याच्या बाजूला, कानाच्या जागी, हाडाला बारीक छिद्रं असतात. मूळ गाव दक्षिण अमेरिका. तिथल्या नद्यांच्या काठाला, पाण्यात लोंबणाऱ्या गवताला आणि मुळ्यांना हे थव्याथव्याने चिकटून राहतात.

शेवाळ खाणारे मासे आपल्याकडे नाहीत असं मात्र समजू नका. विल्यम साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली, आणि गंमत अशी की बऱ्याच माशांना त्याने इथल्या लोकांनी सांगितलेली नावंच लावली. आपला मळ्या त्यात ‘मुल्या’ झाला, आजही शास्त्रात तो ‘गारा मुल्या’ आहे. शिंगटी ‘सिंगटी’ झाली. मळ्याच्या तोंडाखाली चकती असते, तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो आणि शेवाळ खातो. पण त्याला खळाळतं पाणी लागतं, दोन फुटांच्या टाकीत त्याला कोंडणं मला पटत नाही. शिंगटी मिशांच्या माशांतली. ओटोही त्याच मोठ्या घराण्यातला, पण फार लांबचा नातेवाईक आणि फार नाजूक.

नाजूक म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. दुकानात येणारे बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात. पकडल्यापासून दुकानाच्या टाकीत येईपर्यंत त्यांचा प्रवास लांबचा असतो. तिथला गोळा करणारा, मग निर्यातदार, विमान, इथला घाऊक व्यापारी, मग आपल्या गावचं दुकान. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून प्रवासाआधी माशांना उपाशी ठेवतात. मोठ्या, खाऊन-पिऊन असलेल्या माशाला त्याने फारसं काही होत नाही. ओटोचं तसं नाही. तो दिवसभर थोडं थोडं चरणारा जीव आहे, शेळीसारखा. आणि मधल्या सगळ्या टाक्या कशा असतात? स्वच्छ. घासलेल्या काचा, उघडं बूड. म्हणजे त्याच्या दृष्टीने रिकामी ताटं.

मग आपण तो घरी आणतो, हौसेने घेतलेल्या नव्या कोऱ्या टाकीत सोडतो, आणि दहा-पंधरा दिवसांत तो मरतो. लोक म्हणतात रोग आला, दुकानदाराने खराब माल दिला. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा तो मासा उपासाने गेलेला असतो, आणि उपास आपल्या घरी येण्याआधीच सुरू झालेला असतो. आपली चकाचक टाकी तो फक्त पुरा करते.

म्हणून दुकानात गेलात तर आधी पोट बघा. ओटो काचेला चिकटतो, तेव्हा त्याचं पोट आपल्याला बाहेरून सरळ दिसतं, ही देवाने केलेली सोयच आहे. पोट गोल, पांढरट, भरलेलं हवं. आत ओढलेलं, खळगा पडलेलं असेल तर तो मासा कितीही स्वस्त असो, घेऊ नका. भरलेला दिसला तरी मी लगेच आणत नाही. दुकानदाराला सांगते, आठवडाभर राहू दे, पैसे आत्ता घे. आठवड्यानंतर जे टिकलेले आणि चरताना दिसतात, ते आणते. माझा नेहमीचा दुकानदार सुरुवातीला हसायचा, आता तो स्वतःच टाकीत काकडीची फोड टाकून ठेवतो.

आता टाकी. आपल्या विज्ञानाच्या सरांनी आठवीत पद्मतीर्थाचं पाणी बाटलीत आणून शाळेच्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं, आठवतं? रांग लावून एकेकाने डोळा लावला होता. त्यात सोनेरी-तपकिरी, काचेच्या डबीसारखे जीव दिसले होते, सरांनी ‘डायटम’ असं फळ्यावर लिहिलं होतं. नव्या टाकीत दोन-तीन आठवड्यांनी काचेवर जो तपकिरी थर धरतो, तो हाच. ओटोला तो अतिशय आवडतो. चार दिवसांत काच लख्ख करतात. लोकांना आनंद होतो, ते फोटो टाकतात. खरं तर त्या दिवशी माशांचं धान्य संपलेलं असतं.

लांब केसांसारखं हिरवं शेवाळ किंवा दगडाला येणारं काळं, दाढीसारखं शेवाळ हे मासे सहसा खात नाहीत. त्यांना हवा असतो तो पातळ थर, पानावरून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतो तो. त्यात शेवाळ असतं, जिवाणू असतात, डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव असतात. हा थर विकत मिळत नाही, तो धरायला वेळ लागतो. माझ्या मते किमान दोन ते तीन महिने टाकी नुसती झाडं, दगड, लाकूड आणि गोगलगायी यांच्यासह चालवायची, मगच ओटोचं नाव काढायचं.

या मुक्कामात आणखी एक काम होतं. माशांच्या विष्ठेतून, कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि झाडांचं खत. आपण हे नायट्रोजनचं चक्र म्हणून पाठ केलं, दोन जिवाणूंची नावं लिहून गुणही मिळवले. पण २०१५ मध्ये शास्त्रज्ञांना असे जिवाणू सापडले की जे दोन्ही कामं एकटेच करतात, आणि ते ज्या ठिकाणी सापडले त्यांपैकी एक होतं मत्स्यपालनाच्या टाकीचं गाळणयंत्र! म्हणजे सर, आमचं उत्तर आता थोडं चुकीचं ठरलंय. गुण परत घेऊ नका. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर घर करतात, म्हणून तो स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने कधी धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

इथे वाशीमचं पाणी मधे येतं. आपली जमीन काळ्या पाषाणाची, बोअरचं पाणी जड. माहेरी आले की मी मोजते. आमच्या बोअरचा टीडीएस सातशेच्या वर आहे, पीएच आठच्या आसपास. ओटोला साडेसहा ते साडेसात पीएच आणि मऊ पाणी मानवतं. आणि पीएच एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग साधारण दहापट होतो. म्हणजे पुण्याच्या धरणाच्या पाण्यात जेवढी हयगय खपून जाते, तेवढी आपल्या बोअरच्या पाण्यात खपत नाही. उपाय अवघड नाही. नगरपालिकेचं, एकबुर्जी धरणाचं पाणी दोन दिवस उघड्या बादलीत मुरू द्यायचं, क्लोरीन जाण्याची औषधी मिळते तिचे थेंब टाकायचे. बोअरचंच वापरायची वेळ आली, तर त्यात अर्ध्याहून जास्त आरओचं पाणी मिसळायचं. नुसतं आरओचं मात्र नको, त्यात क्षार जवळपास नसतात आणि माशालाही थोडे लागतात.

दर आठवड्याला एक बादली पाणी बदलायचं, जास्त नाही. या माशांना अचानक काहीही झालेलं चालत नाही. नवीन मासा आणला तरी पिशवी आधी टाकीवर तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, मग नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब त्याच्या भांड्यात सोडायचं, तास-सव्वा तास. मिठाचा किंवा तांब्याचा अंश असलेली औषधं ‘असू दे, खबरदारी म्हणून’ टाकणारे पुष्कळ आहेत. इतर मासे ती सोसतात, ओटो सोसत नाही.

खाण्याचं सांगते, हा माझा आवडता भाग आहे. काकडी, दोडका, लाल भोपळा, पालक, काहीही चालतं. फोड उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून काढायची, गार करायची, स्टीलच्या काट्याला खोचून रात्री टाकीत सोडायची, सकाळी उरलेली काढून टाकायची. बाजारची भाजी मिठाच्या पाण्यात ठेवून, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या, फवारणी आपल्याला ठाऊक आहेच. पण नव्याने आलेल्या ओटोला भाजी हे अन्न आहे हेच माहीत नसतं. त्याने आयुष्यात भोपळा पाहिलेला नसतो! तो फोडीशेजारी बसून उपाशी राहतो. अशा वेळी मी दगड वापरते. नदीतले गुळगुळीत गोटे, तळहाताएवढे, काचेच्या बरणीत टाकीच्याच बदललेल्या पाण्यात बुडवून गच्चीवर उन्हात ठेवायचे. आठ-पंधरा दिवसांत त्यांवर हिरवट थर धरतो. एक गोटा टाकीत, दोन बरणीत. आतला साफ झाला की बाहेर, बाहेरचा आत. पुण्यात मला त्यासाठी उन्हाचा कोपरा शोधावा लागतो. वाशीमला ऊन शोधावं लागेल असं मला वाटत नाही.

सहा-आठ एकत्र ठेवायचे. एकटा ओटो पानाआड लपून राहतो, नीट चरतच नाही. सोबतीला मोठे, दांडगे मासे नकोत. आणि कधीकधी एखादा सरळ वर जाऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी हवा गिळून झपकन खाली येतो, त्याने घाबरू नका. ही त्याची रीत आहे, पोटाच्या वाटेनेही तो हवेतला थोडा प्राणवायू घेऊ शकतो. सगळेच वरचेवर असं करू लागले तर मात्र पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे.

यावरून मी मे महिन्याकडे येते. खरी अडचण तीच आहे. ओटोला बावीस ते सव्वीस अंशांचं पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस. पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत टाकीचं पाणी पस्तिशीला जाईल. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशाला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसात. माशाची गरज मात्र उन्हाळ्यात वाढलेली असते. त्यात वीज जाणार, पंप बंद पडणार, आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे बघायला कुणीच नाही. एका शाळेत मी भेट म्हणून आलेलं मत्स्यालय पाहिलं होतं, वर्षभराने. त्यात खडूचे खोके आणि नकाशांच्या गुंडाळ्या होत्या. मासे कधी गेले, ते तिथे कुणालाच सांगता येईना.

पण आपल्या उन्हाळ्याचा एक गुण आहे, तो कोरडा आहे. माठातलं पाणी गार होतं, कूलर मुंबईला चालत नाही आणि इथे चालतो, तेच इथे वापरायचं. टाकीचं झाकण काढून जाळी लावायची आणि पाण्यावर छोटा पंखा तिरपा सोडायचा. माझ्या नोंदवहीत पुण्याच्या एप्रिलमधले आकडे आहेत. पंख्याने पाणी तिसावरून सत्तावीसवर आलं. इथली हवा आणखी कोरडी, इथे जास्त फरक पडावा असा माझा अंदाज आहे. पण तो अंदाजच आहे, मोजल्याशिवाय मी त्यावर सात-आठ जीव ठेवणार नाही.

पंख्याने पाणी आटतं, आणि आटलेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घालायची नाही. का, ते लोणारच्या सहलीला गेलेल्यांनी सांगावं! तिथे पाणी येतं, बाहेर पडायला वाट नाही. पाणी आटतं, क्षार मागे राहतात. टाकीत आपण तेच करून ठेवू, आकाराने लहान. म्हणून आटलेलं पाणी आरओच्याच पाण्याने भरायचं.

आता माझी सूचना. मासे आत्ता नकोत. आज डिसेंबर आहे. टाकी प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीशी ठेवू, जिथे ऊन येत नाही. वाळू, गोटे, फिल्टर, आणि व्हॅलिस्नेरियासारखी आपल्या तळ्यांत वाढणारी झाडं. चार गोगलगायी. नववीच्या मुलामुलींनी रोज सकाळी आणि दुपारी तीनला तापमान वहीत लिहायचं, आठवड्यातून एकदा अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं. मुख्याध्यापक मॅडमशी माझं बोलणं झालंय, त्यांना कल्पना आवडली आहे, फक्त सुट्टीत किल्ली कुणाकडे राहणार हे त्यांना लेखी हवंय. शाळेपासून जवळ राहणारे आपल्या बॅचचे तिघं आहेत. मी नावं घेत नाही, त्यांनीच हात वर करावा.

पुढचा मे पार पडला, आणि वहीत दुपारचं पाणी अठ्ठावीसच्या वर गेलेलं नसेल, तर पाऊस सुरू झाल्यावर सात ओटो मी स्वतः पुण्याहून घेऊन येईन, पोट बघून. वर गेलेलं असेल, तर ओटो आणायचे नाहीत, टाकी झाडांची आणि गोगलगायींचीच राहू द्यायची. मुलांना त्यातही बघायला भरपूर आहे. माशांसाठी ठेवलेले वर्गणीतले पैसे तोवर पंखा, थर्मामीटर, पाणी तपासायचं किट आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप यांवर खर्च करावेत, असं मी सुचवते. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्याशी भांडावं.

आणि एक विनंती. दुकानात ‘सकर’ नावाने मोठा चिलखती मासा मिळतो, स्वस्त आणि चिवट. ‘त्यापेक्षा हा घ्या’ असं कुणीतरी नक्की सांगेल. तो फूटभर वाढतो, टाकीत मावेनासा होतो, मग लोक दया येऊन तलावात सोडतात. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागलाय, जाळी फाडतो, आणि खायला कुणी घेत नाही. पद्मतीर्थात किंवा एकबुर्जीत तो आपल्या टाकीतून जाऊ नये.

आपण दहावी झालो तेव्हा आपल्या गुणपत्रिकेवर जिल्हा अकोला होता. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. वहीच्या पहिल्या पानावर मी ‘जिल्हा वाशीम’ असं ठळक लिहून आणलंय, खाली रकाने आखलेत. आज सकाळी आठ वाजता प्रयोगशाळेतल्या बादलीचं पाणी अठरा अंश होतं, ती पहिली नोंद झालेली आहे. दुपारी तीनची राहिली आहे. त्या टेबलावर सध्या दहावीच्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांचे गठ्ठे आहेत, ते हलवायला दोघं जण माझ्यासोबत चला.